तेहेतीस पटीचा हिशोब: घरच्या ॲम्प्लिफायरची चौथी नोंद

काल रात्री घरी जोडत असलेल्या ॲम्प्लिफायरचा दुसरा चॅनलही बोलला. गावाकडच्या माळवदाच्या खोलीत आबा शेजारीच बसले होते. भजनी मंडळाचा माईक सांभाळण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलंय. त्यांनी विचारलं, "मोबाइलातून येतंय एवढंसं, मग हे बळ कुठून येऊ लागलंय?"

ॲम्प्लिफिकेशन समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करावी. आपण 'आवाज वाढवणं' म्हणतो, पाठ्यपुस्तकात 'प्रवर्धन' लिहितात. दोन्ही शब्दांनी असं वाटतं, की लहानसा सिग्नलच फुगून मोठा होतो. मी आबांना जायकवाडीच्या कालव्याचं सांगितलं. चारीचं दार एक माणूस हातानं उचलतो, पण शेतात येणारं पाणी नाथसागराचं. किती सोडायचं, एवढंच तो हात ठरवतो. सिग्नल म्हणजे तो हात आणि पॉवर सप्लाय म्हणजे धरण. आबा लगेच म्हणाले, "मंग धरणात पाणी पाहिजे."

पाहिजेच, पण मापात. माझी पहिली आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, गेली ती धरण जास्त भरल्यामुळे. १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा डायोडचा ब्रिज, दोन्ही बाजूंना ४७०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. दिवसा सप्लाय अधिक-उणे १६ व्होल्टच्या आसपास असायचा. रात्री शिवारातल्या मोटारी बंद झाल्या, लाइन २५० च्या वर चढली आणि मीटरवर १८.६ दिसले. ही आयसी साधी टीडीए२०३०, तिची मर्यादा अधिक-उणे १८. आवाज नाही, धूर नाही. आयसी फक्त तापत गेली आणि स्पीकरचा कोन बाहेर येऊन तसाच थांबला. आउटपुटवर सरळ डीसी आलं होतं. स्पीकर वाचला, कारण हात स्विचवरच होता. आता दोन्ही चॅनलला टीडीए२०३०ए आहे, तिची मर्यादा २२. आपल्या भागात कुणी ही आयसी लावणार असेल, तर सप्लाय रात्री अकरानंतर, लोड न लावता मोजावा. दिवसाच्या आकड्यावर जाऊ नये. आणखी एक: हिच्या पाठचा पत्रा उण्या सप्लायला जोडलेला असतो, म्हणून हीटसिंक (आयसी थंड ठेवणारा धातूचा तुकडा) आणि डब्याच्या मध्ये वीज अडवणारा अभ्रक हवाच.

गेन, म्हणजे सिग्नल किती पट होतो ते, मोजला. फीडबॅकला, म्हणजे आउटपुटचा काही भाग इनपुटकडे परत नेणाऱ्या वाटेवर, २२ किलोओहम आणि ६८० ओहमचे रेझिस्टर, म्हणजे हिशोबानं ३३ पट. २०० हर्ट्झचा टोन देऊन इनपुटला १०० मिलिव्होल्ट ठेवले, आउटपुटला ३.३ व्होल्ट आले. आयसीचा स्वतःचा गेन याच्या कितीतरी पट असतो. तो परत फिरवून दोन रेझिस्टरच्या ताब्यात द्यायचा, ही निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना अमेरिकन इंजिनिअर हॅरोल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये कामावर जाताना, बोटीवर सुचली. हातातल्या वर्तमानपत्रावरच त्यांनी ती उतरवून काढली. जास्तीचा गेन मुद्दाम सोडून द्यायचा आणि त्या बदल्यात शुद्ध आवाज घ्यायचा! मला अजूनही याचं नवल वाटतं. सप्ताहात माईक स्पीकरसमोर आला की जी शिट्टी वाजते, तो याच्या उलटा फीडबॅक.

१०० हर्ट्झची घरघर होती. सगळे ग्राउंड मोठ्या कपॅसिटरच्या मधल्या एकाच बिंदूवर आणले, गेली.

आता आबांचा माईक. तो देतो जेमतेम २ मिलिव्होल्ट. ३३ पटीनं ६६ होतात, स्पीकर नुसता कुजबुजतो. आधी ४५५८ या आयसीचा प्रीॲम्प (आधीचा छोटा ॲम्प्लिफायर) लागेल, १०० किलोओहम आणि १ किलोओहम, म्हणजे १०१ पट. गेन गुणले जातात, म्हणून एकूण ३,३०० पटीच्या वर. डेसिबलमध्ये मात्र नुसती बेरीज, ४० अधिक ३०. माईकचे २ मिलिव्होल्ट स्पीकरपाशी साडेसहा व्होल्ट होतील, ८ ओहमवर पाच वॉटच्या पुढे. आमच्या मंदिराच्या सभामंडपाला तेवढं पुरतं.

माईकचं सॉकेट बसवून झालंय, प्रीॲम्पला अधिक-उणे १२ व्होल्ट देणारे ७८१२ आणि ७९१२ हे रेग्युलेटर लावायचेत. एकादशीच्या आत हरिपाठ यावरून ऐकायचा, असं आबांना सांगून ठेवलंय.