तुम्ही विचारलंत म्हणून: टॉवरविरुद्धच्या अर्जावर माझी सही का नाही

लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, शाळेच्या गेटवर, सगळीकडे तोच प्रश्न. "तुमच्याच मुलीला ल्युकेमिया झाला, आणि समोरच्या बिल्डिंगवरचा मोबाइल टॉवर हटवायच्या अर्जावर तुमचीच सही नाही?" इतके दिवस "बघू" म्हणून वेळ मारून नेली. आता सांगतेच.

अर्जासाठीच्या सोसायटीच्या मीटिंगला मी होते. लेकीची मेन्टेनन्सची ट्रीटमेंट चालू होती, म्हणजे घरीच, रोज रात्री गोळी. तिला एकटीला ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून सोबत नेली. मागच्या खुर्चीत चित्र रंगवत बसली होती. अर्ज मोठ्यानं वाचला गेला. "टॉवरच्या रेडिएशनमुळे आमच्या सोसायटीतील एका चिमुरडीला रक्ताचा कर्करोग जडला आहे." सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. तिनं रंगवणं थांबवलं, पण मान वर केली नाही. घरी आल्यावर मी कटरमध्ये गोळी ठेवून अर्धी करत होते, तेव्हा तिनं विचारलं, "आई, तू मला त्या खिडकीत बसवून भरवायचीस ना? म्हणून झालं का मला?"

मी ठामपणे "नाही" म्हणाले. नुसती तिची समजूत काढायला नव्हे.

ॲडमिट होतो तेव्हा वॉर्डबाहेरच्या बाकावर रात्र रात्र मी हेच वाचत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ मध्ये मोबाइल-टॉवरच्या या लहरी '२बी' गटात टाकल्या: कर्करोगाची शक्यता आहे, पुरावा मर्यादित आहे. त्यातलं "शक्यता" तेवढंच मला दिसायचं. टॉवर दोषी निघावा असं मनापासून वाटायचं, कारण मग माझ्या गरोदरपणातल्या खाण्यापिण्यावर, तापाच्या औषधांवर बोट आलं नसतं. डॉक्टर सांगत होते की लहान मुलांतल्या या आजाराचं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही. ते ऐकवत नव्हतं.

पुढे शांतपणे वाचलं. ब्रिटनमध्ये २०१० साली, चार वर्षांपर्यंतच्या १,३९७ कर्करोगग्रस्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आई गरोदर असताना घर टॉवरच्या किती जवळ होतं, हे तपासलं. संबंध आढळला नाही. आपल्याकडे सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली आहे. शुल्क भरून आमच्या गच्चीवर मोजणी करून घेतली, आकडा त्याच्याही बराच खाली आला. आणि टॉवर लांब गेला, रेंज कमी झाली, की हातातला फोन जास्त ताकदीनं लहरी सोडतो. तो तर आपण पोरांच्या कानाशीच धरतो.

बाकावरची ती बाई, म्हणजे तेव्हाची मीच, मात्र अजून माझ्याशी भांडते. म्हणते, तो अभ्यास गरोदरपणाचा, आपण इथे राहायला आलो तेव्हा पोरगी दोन वर्षांची होती. तिचं काय? मोजणी एका दिवसाची, टॉवर चोवीस तास. खात्री होईपर्यंत पोरांनी का थांबायचं? तिला द्यायला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. रात्री लेकीच्या उशाशी फोन मी आजही ठेवू देत नाही. व्हिडिओ कॉल असेल तर फोन टेबलावर. कुणी म्हणेल, मग तुमचा विश्वास नेमका कशावर? म्हणू दे. खबरदारी घेणं वेगळं आणि कारण सापडलं असं लिहून देणं वेगळं.

मला कंपनीनं पैसे दिले असंही कानावर आलंय. ज्या घरानं केमोची बिलं भरलीत त्या घराबद्दल हे बोलवतं तरी कसं?

दरवर्षी मोजणी व्हावी आणि आकडे नोटीस बोर्डावर लागावेत, असा अर्ज करा. पहिली सही माझी. टॉवर हटवायचाच असेल तर तीही तुमची मागणी, मी आड येणार नाही. पण माझ्या मुलीची ती ओळ काढल्याशिवाय तो कागद माझ्या दारी आणू नका.