फोर-के घेण्याआधी टीव्हीच्या मागे पाहा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि आमच्या घरात नव्या टीव्हीचा विषय सुरू झाला. ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत ३२ इंची एचडी-रेडी टीव्ही आहे. २०१३ साली घेतलेला हा टीव्ही आजवर एकदाही दुरुस्तीला गेलेला नाही. दिवाळीत कळव्याहून भाचा आला होता, तो सामना बघता बघता म्हणाला, "मामा, आता फोर-के घेऊनच टाक. यात बॉलसुद्धा धड दिसत नाही." त्याच्या मनात होता तो फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचा (चित्र घडवणाऱ्या बारीक ठिपक्यांचा) टीव्ही. आई मात्र म्हणाली, "चांगला चालतोय, तर काढायचा कशाला?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, म्हणून घाईने दुकानात न जाता मी हा प्रश्न मुळापासून तपासायचे ठरवले.

पहिली गोष्ट केली ती म्हणजे टेप काढली. आई सोफ्यावर जिथे बसते तिथून टीव्हीच्या पडद्यापर्यंतचे अंतर साडेआठ फूट, म्हणजे सुमारे २.६ मीटर भरले. डोळ्यांचे डॉक्टर ज्या नजरेला 'सहा बाय सहा' म्हणतात, त्या नजरेला साधारणपणे कोनाच्या एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक तपशील सुटा ओळखता येतो, आणि एवढ्या माहितीवर कोणालाही आपल्या घरचा हिशेब करता येतो. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो; त्यावर फुल एचडीचे १,९२० पिक्सेल आडवे मांडले, तर एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा होतो आणि साडेपाच-पावणेसहा फुटांपलीकडून तो वेगळा दिसत नाही. ५५ इंची पडद्यासाठी ही मर्यादा सात फुटांच्या किंचित पुढे जाते आणि ६५ इंचीसाठी साडेआठ फुटांच्या जवळ येते. म्हणजे आमच्या सोफ्यावरून ४३ इंचीच काय, ५५ इंची टीव्हीतही फुल एचडी आणि फोर-के यांच्यातला निव्वळ पिक्सेलचा फरक सामान्य नजरेला जवळजवळ कळणार नाही. काही तरुणांची नजर याहून तीक्ष्ण असते आणि त्यांना थोडा फरक जाणवेल, हे मला मान्य आहे. मोठ्या पडद्याचा लाभ मात्र प्रत्येकाला मिळतो, कारण चित्र नजरेचा जास्त भाग व्यापते आणि चेहरे, धावफलक, बॉल हे सारेच मोठे दिसते. भाच्याची तक्रार खरे तर आकाराची होती. तिला तो फोर-के म्हणत होता.

दुसरा प्रश्न टीव्हीकडे येणाऱ्या चित्राचा, आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो. आपल्याकडच्या साध्या, म्हणजे एसडी वाहिनीचे चित्र जास्तीत जास्त ७२० बाय ५७६ पिक्सेलचे, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार पिक्सेलचे असते. फुल एचडीत ते २० लाखांच्या पुढे जातात, तर फोर-केच्या पडद्यावर ३,८४० बाय २,१६० या हिशेबाने जवळपास ८३ लाख पिक्सेल असतात. फोर-के टीव्हीवर एसडी वाहिनी लावली की पडद्यावरच्या दर वीस पिक्सेलपैकी एकाचीच माहिती सिग्नलमधून आलेली असते. उरलेले एकोणीस टीव्हीतली चिप आजूबाजूचे रंग पाहून अंदाजाने भरते. चांगली चिप हे काम बऱ्यापैकी करते, पण जो तपशील मुळात आलाच नाही तो तिला आणता येत नाही. त्यात उपग्रहावरची जागा मर्यादित असल्यामुळे चित्र दाबून पाठवावे लागते आणि गर्दीच्या किंवा वेगवान दृश्यात चौकोनी डाग दिसू लागतात. लहान टीव्हीवर खपून जाणारे हे डाग मोठ्या पडद्यावर ठळक होतात. "नवा टीव्ही आणला आणि चित्र आधीपेक्षा वाईट दिसायला लागले" ही तक्रार आमच्या सोसायटीत मी दोन घरांत ऐकली आहे, आणि त्यात टीव्हीचा काही दोष नसतो.

याच शोधात एका रविवारी मी टीव्ही भिंतीपासून पुढे ओढला. मागच्या बाजूला धुळीचा थर होता आणि सेट-टॉप बॉक्समधून पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिनांची जुनी एव्ही वायर टीव्हीत गेलेली होती. बॉक्स एचडीचा होता, तीन वर्षे आम्ही एचडी पॅकचे पैसे भरत होतो आणि बॉक्सच्या एचडीएमआय पोर्टवरचे (एचडी चित्र याच पोर्टमधून जाते) प्लास्टिकचे टोपण अजून जागेवर होते. बॉक्स बसवायला आलेल्या माणसाने जुन्या बॉक्सची वायर नव्या बॉक्सला लावून दिली होती. पिवळ्या पिनेतून एचडी चित्र जाऊच शकत नाही; ती वायर ॲनालॉग आहे आणि एसडीच्या पुढे तिची धाव नाही. त्या संध्याकाळी मी नवी एचडीएमआय केबल आणली आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन १०८०आय हा एचडीचा पर्याय निवडला.

आईने बातम्या लावल्या आणि पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती आणि तेव्हापासून ती पट्टी तिला नीट वाचता येत नव्हती. "मला वाटायचं, माझ्याच डोळ्यांत काहीतरी राहिलंय," असे ती म्हणाली. हे तिने आम्हाला कधी सांगितले नव्हते. डोळे ठीक असताना एका वायरीपायी तिने दोन वर्षे स्वतःला दोष दिला, याचे मला फार वाईट वाटले, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारणही तेच आहे. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत त्यांनी आज रात्री एकदा टीव्हीच्या मागे हात घालून कोणती वायर आहे ते पाहावे, अशी माझी विनंती आहे.

त्यानंतरच मी गोखले रोडवरच्या एका दुकानात गेलो. दुकानात सगळ्या पडद्यांवर फुले, मासे आणि बर्फाचे डोंगर सुरू होते. ती चित्रफीत टीव्ही उठून दिसावा म्हणूनच तयार केलेली असते आणि टीव्हीही दुकानासाठीच्या भडक सेटिंगवर ठेवलेला असतो. मी विक्रेत्याला विनंती केली की सेटिंग साधे करून एखादी नेहमीची मराठी वाहिनी लावा. त्याने आढेवेढे न घेता लावली. ५५ इंची पडद्यावर मालिकेतल्या बाईच्या पैठणीच्या काठावर, नक्षीच्या जागी, थरथरणारे ठिपके दिसत होते. मग त्याने त्याच वाहिनीची एचडी आवृत्ती लावली आणि काठावरचे मोर स्पष्ट दिसले. एसडीवरून एचडीवर येताना जो फरक दिसतो तो डोळ्यांत भरतो. एचडीवरून फोर-केवर जातानाचा फरक शोधावा लागतो, हे मला त्या पाच मिनिटांत पटले.

आता फोर-के चित्र मिळते कुठे, हेही पाहू. टाटा स्कायने जानेवारी २०१५ मध्ये फोर-के सेट-टॉप बॉक्स आणला होता, पण इतक्या वर्षांनंतरही झी मराठी, स्टार प्रवाह किंवा कलर्स मराठी या वाहिन्या आपल्याला एचडीपर्यंतच मिळतात. खरे फोर-के येते ते इंटरनेटवरून: नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, यूट्यूब आणि काही क्रीडा प्रक्षेपणे. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमाने फोर-केमध्ये दाखवली होती. नेटफ्लिक्सच्या सांगण्याप्रमाणे फोर-केला सेकंदाला १५ मेगाबिटचा वेग लागतो आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. ठाण्यात आता घरोघरी फायबर आल्यामुळे ही अडचण राहिलेली नाही, मात्र नेटफ्लिक्सवर फोर-के केवळ सर्वांत महागड्या प्लॅनमध्ये आहे, हे लक्षात ठेवावे. क्रिकेटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पिक्सेलइतकीच महत्त्वाची आहे. बॉल स्पष्ट दिसतो तो सेकंदाला किती चित्रे येतात त्यावर. आपल्या एचडी वाहिन्यांवर सेकंदाला ५० अर्धी चित्रे येतात, तर एखाद्या ॲपवर फोर-के असूनही सेकंदाला २५ च चित्रे येत असतील, तर वेगवान चेंडू तिथे जास्त पुसट दिसेल.

नव्या तंत्रज्ञानात मला मनापासून मोलाची वाटते ती एचडीआर ही सुधारणा, कारण ती साडेआठ फुटांवरूनही दिसते. जुन्या पद्धतीत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, एचडीआरच्या दहा बिटांत १,०२४. शिवाय प्रकाश आणि अंधार यांच्यातले अंतर खूप वाढते. अंधाऱ्या देवघरात समई तेवत असेल, तर ज्योत लख्ख दिसते आणि तरीही मागच्या कोनाड्यातली मूर्ती काळोखात बुडत नाही. पण यासाठी पडदा तेवढा उजळ असावा लागतो. खोक्यावर एचडीआर छापलेल्या अनेक स्वस्त टीव्हींचा उजेड ३०० निटच्या आसपास असतो (निट हे पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक). ते सिग्नल घेतात, पण दाखवू शकत नाहीत आणि कधी कधी चित्र साध्यापेक्षा काळपट करून टाकतात. त्यामुळे खर्च वाढवायचाच असेल, तर इंच वाढवण्याऐवजी पडद्याच्या उजेडावर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानात 'किती निट?' हा प्रश्न जरूर विचारावा.

फोर-केच्याही चौपट पिक्सेल असलेल्या एट-केचा विचार घरासाठी करण्याचे कारण मला दिसत नाही. जपानच्या एनएचकेने १ डिसेंबर २०१८ रोजी एट-के वाहिनी सुरू केली, पण ५५ इंची पडद्यावर त्या ३ कोटी ३१ लाख पिक्सेलचा पूर्ण लाभ घ्यायला दोन फुटांच्या आत बसावे लागेल.

आवाजाबद्दल एवढेच सांगतो की पातळ टीव्हींचे स्पीकर बहुधा खाली तोंड करून असतात आणि वयस्कर माणसांना संवाद कळत नाहीत. साउंडबारसाठी थोडे पैसे बाजूला ठेवावेत.

आमचा निर्णय असा झाला की हा टीव्ही चालतो तोवर ठेवायचा, आई बघते त्या वाहिन्या एचडीत घ्यायच्या आणि तो बंद पडेल तेव्हा चांगल्या उजेडाचा ५० किंवा ५५ इंची आणायचा. तो फोर-केच असेल, कारण त्या आकारात दुकानात आता बहुतेक फोर-केच मिळतात. भाच्याला मी हे सारे फोनवर सांगितले. त्याने दुसऱ्या दिवशी आपल्या घरच्या टीव्हीमागचा फोटो पाठवला. त्यातही पिवळी, लाल, पांढरी वायर होती.