तुम्ही विचारलंत म्हणून: दर वेळी मोठा व्हिलन, मग कंटाळा येत नाही का?

ॲनिमे बघतो म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. भाच्यापासून ऑफिसातल्या पोरांपर्यंत सगळे विचारतात की ड्रॅगन बॉल झेड या ॲनिमेमध्ये (म्हणजे जपानी कार्टून मालिकेत) दर वेळी आणखी मोठा व्हिलन, मग हीरो गोकू आणखी पॉवरफुल, मग परत त्याच्याहून मोठा कुणीतरी, तुम्हाला कंटाळा कसा येत नाही? येतो की! पण आकडा वाढला म्हणून येत नाही.

सुरुवात आठवा. पहिला व्हिलन राडिट्झ पृथ्वीवर उतरतो, डोळ्यावर स्काउटर (समोरच्याची शक्ती आकड्यात मोजणारं यंत्र), समोर बंदूक घेतलेला एक शेतकरी, पॉवर लेव्हल ५. पुढे गोकू ३३४, त्याच्या बाजूने लढणारा पिकोलो ३२२. मग दोघं अंगावरचे वजनदार कपडे काढून ठेवतात आणि तेच आकडे ४१६ आणि ४०८ होतात. आणि गोकूचा मुलगा, तो इवलासा रडका गोहान, बापाला मार खाताना बघून चिडतो तर थेट १३०७. राडिट्झचा मशीनवर भरवसा, म्हणूनच तर तो फसतो. मला तर वाटतं या कथेचा लेखक तोरियामाने स्काउटर आणलाच मुळी चुकायला, म्हणजे आधी आकडा दाखवून व्हिलनला निवांत करायचं आणि मग त्याची जिरवायची.

पुढचा व्हिलन व्हेजिटा, त्याचंही तेच. (गोकूची शक्ती मोजून व्हेजिटा ओरडतो, तो जगभर फिरलेला ९००० चा मीम आहे ना, मूळ जपानीत तो आकडा ८००० आहे, इंग्रजी डबिंगमध्ये ९००० झाला आणि कुणाचं काही अडलं नाही.) व्हेजिटा १८,००० चा, वर राक्षसी माकड झाल्यावर तर विचारूच नका, आणि त्याची शेपटी कोण कापतं? याजिरोबे! तलवारवाला, खादाड, लपून बसणारा याजिरोबे. हा, गोकूचा मित्र क्रिलिन आणि गोहान नसते तर गोकू तिथेच मेला असता.

मग नामेक ग्रहावरची लढाई. तिथला व्हिलन फ्रीझा स्वतःची शक्ती सांगतो ५,३०,०००, दुसऱ्या रूपात दहा लाखांच्या वर, आणि तरी ते चालतं, कारण क्रिलिन मरतो तेव्हा पृथ्वीचे ड्रॅगन बॉल (इच्छा पुरी करणारे जादूचे गोळे) त्याला दुसऱ्यांदा जिवंत करू शकत नाहीत हे आपल्याला माहीत असतं, त्यामुळे गोकूचा तो राग अंगावर येतो. पण नंतर नामेकचे ड्रॅगन बॉल त्यालाही परत आणतात आणि तिथून पुढे मरण म्हणजे चार दिवसांची रजा. शिवाय ग्रह पाच मिनिटांत फुटणार म्हणतात आणि ती पाच मिनिटं मारुतीच्या शेपटासारखी एपिसोडमागून एपिसोड लांबतात.

खरा कंटाळा यानंतर. पुढे ट्रंक्स नावाचा नवा लढवय्या येतो, फ्रीझाचा शिपाई त्यालाही ५ मोजतो आणि मार खातो, तोवर मजा आहे, पण मग आकडे जवळजवळ बंद होतात आणि सुपर सैयानच्या (केस पिवळे होऊन शक्ती वाढते त्या रूपाच्या) पायऱ्या सुरू होतात. आता यामचा, टिएन, क्रिलिन या गोकूच्या जुन्या साथीदारांना काम काय, तर लांब खडकावर उभं राहून "बापरे, काय ही शक्ती!" म्हणायचं. एकेकाळी ज्यांच्याशी गोकूला झुंजावं लागायचं ती माणसं! आधी हे वाचतील का अशी धाकधूक असायची, आता गोकू कधी पोचतो एवढंच बघायचं.

तरी मधेच चमक दिसते. पुढचा व्हिलन सेल त्याच्या दुसऱ्या रूपात असताना टिएन, ज्याची त्याच्यापुढे काहीच लायकी नाही, जीव पणाला लावून वरून वार करत राहतो, फक्त सेल ज्यांच्या मागे लागलाय त्या अँड्रॉइड्सना (यंत्रमानवांना) पळायला वेळ मिळावा म्हणून. जिंकत नाही तो, पण मला सेलच्या अख्ख्या भागात तोच सीन सगळ्यात जास्त आवडतो. किंवा शेवटचा व्हिलन बू, त्याच्या वेळी शक्ती द्या म्हटलं तर लोक गोकूचं ऐकत नाहीत, ऐकतात ते थापाड्या मिस्टर सेटनचं.

हंटर × हंटर हे दुसरं ॲनिमे बघितलं असेल तर कुरापिका आठवा. त्याची 'चेन जेल' ही साखळी इतकी भारी का, तर ती फक्त फँटम ट्रूप या टोळीवर वापरायची अशी शपथ आहे, दुसऱ्या कुणावर वापरली तर तो स्वतः मरणार. त्यामुळे तो जिंकला तरी आपला जीव टांगणीला लागलेलाच राहतो. गोकूला केस पिवळे करायला पुढे पुढे कसलीच किंमत मोजावी लागत नाही, हा माझा आक्षेप.

तर मी अजून बघतो का? बघतो, पण २००९ मध्ये सुरू झालेली काई ही आवृत्ती, तिच्यात भरताड बरंच कापलंय. तुम्हीही तीच घ्या, आणि बूच्या भागात मिस्टर सेटन आला की मोबाईल बाजूला ठेवा.