हयातीचा दाखला, ३७ टक्के

नोव्हेंबर लागला की आमच्या दुकानात खुर्च्या कमी पडतात. गंगाखेडच्या बसस्टँडजवळ एका शटरमध्ये माझं सेवा केंद्र आहे. एरवी झेरॉक्स, सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पोरांचे परीक्षेचे फॉर्म. नोव्हेंबरात मात्र पेन्शनवाले. ३० तारखेच्या आत हयातीचा दाखला जायला पाहिजे, नाहीतर पेन्शन अडकते. आधार नंबर टाकायचा, थंब मशीनवर बोट ठेवायचं, ठसा जुळला की झालं. दोन मिनिटांचं काम.

मागच्या मंगळवारी हे दोन मिनिटांचं काम साडेचार तास चाललं.

साडेनऊला शटर वर केलं, कॉम्प्युटर चालू केला, तर पडद्यावर निळं निळं आणि गोल फिरणारे ठिपके. अपडेट सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. आदल्या रात्री बंद करताना घाईत मीच कुठलं तरी बटण दाबलं असणार, कबूल आहे. ३७ टक्क्यांवर ते जे बसलं, ते हलेचना. बाकावर एक रिटायर गुरुजी पेपर वाचत बसलेले, आणि त्यांच्या शेजारी नदीपलीकडच्या गावाहून पहिल्या गाडीनं आलेली एक आजी. नवरा जिल्हा परिषदेत होता, त्याच्या माघारी तिला पेन्शन.

"अजून फिरायलंय का वं ते?"

"फिरायलंय आजी. बसा थोडं."

"माय, मी इथं तुझ्यासमोर बसलेय की. तूच दे लिहून, म्हातारी जित्ती हाय म्हणून."

तेवढ्यात लाईट गेली. अपडेट चालू असताना मशीन मधेच बंद पडलं तर पुन्हा उठेल याची खात्री नाही, आणि माझा यूपीएस जेमतेम पंधरा मिनिटं ओढतो. पंखा बंद, प्रिंटर बंद, मॉनिटरसुद्धा बंद केला. अंधारात नुसता यूपीएस टूं टूं करतोय आणि आम्ही तिघं गप्प, आयसीयूच्या बाहेर बसल्यासारखे. अकराव्या मिनिटाला लाईट आली. गुरुजींनी हात जोडले, कुणाला ते काय की.

पावणेअकराला डेस्कटॉप दिसला. थंब मशीन मात्र दिसेना. वेबसाईट म्हणते, डिव्हाइस 'नॉट रेडी'.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. थंब मशीन नुसतं यूएसबीत खुपसून चालत नाही. एक ड्रायव्हर लागतो, म्हणजे कॉम्प्युटरला मशीनची ओळख करून देणारा प्रोग्राम, आणि वर 'आरडी सर्व्हिस' नावाचा आणखी एक. हा मधला निरोप्या. बोटाचा ठसा कुलूपबंद करून तोच पुढं देतो. तर आता कंपनीच्या साईटवर जाऊन दोन्ही नवीन उतरवा. तिथं एका खाली एक फायली. एकीच्या नावात 'न्यू', दुसरीच्या 'लेटेस्ट', तिसरीच्या 'फायनल न्यू'. फायनलच्या पुढं न्यू कसं असतं हे मला कुणी तरी समजावून सांगा. मी आपली सगळ्यात मोठी घेतली. १९० एमबी.

नालीच्या कामात आमच्या ब्रॉडबँडची वायर तुटून चार दिवस झाले होते, म्हणून मोबाईलचं हॉटस्पॉट लावलेलं. दिवसाला दीड जीबी. इकडं मी फाईल उतरवतेय, तिकडं कॉम्प्युटर मागच्या दारानं आणखी कसली तरी अपडेटं ओढतोय. त्याला काय माहीत हे फुकटचं वायफाय नाही, माझ्या फोनचं नेट आहे म्हणून. वीस मिनिटांत दीड जीबी खल्लास, स्पीड ६४ केबीपीएस. गुरुजी गणिताचे. त्यांनी पेपरच्या कडेला आकडेमोड केली: सेकंदाला ८ केबी, १९० एमबीला पावणेसात तास. "म्हणजे संध्याकाळची गाडीपण जाती," आजी म्हणाली. टॉप-अप मारला. आणि पहिल्यांदा त्या हॉटस्पॉटला सेटिंगमध्ये 'मीटर्ड' करून टाकलं, म्हणजे हे मोजकं नेट आहे, जपून वापर, असं कॉम्प्युटरला सांगितलं. हे आधीच करायला पाहिजे होतं. तुम्ही करून ठेवा.

बोटाच्या ठशाला १९० एमबी! विंडोज ९५ फ्लॉपीवर मिळायचं तेव्हा १३ फ्लॉप्यांत यायचं. अख्खी सिस्टिम पंचवीस एमबीच्या आत. दुपारी रागानं मी ती फाईल सेव्हन-झिप नावाच्या, फायलींचं गाठोडं सोडणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडून बघितली. आत ३२ बिटवाल्यांसाठी एक, ६४ बिटवाल्यांसाठी एक, मागच्या आवृत्तीचं अख्खं फोल्डर, चित्रांसकट माहितीपुस्तिका, नमुना प्रोग्राम, आणि पाच घरं पार केल्यावर खरा ड्रायव्हर. दोन एमबीसुद्धा नाही.

पण ते दुपारी. आधी इन्स्टॉलर. 'टिपिकल', 'कस्टम' की 'कम्प्लीट'? मला कसं माहीत? मी नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, नेक्स्ट केलं. ते करार मी आजवर एकदाही वाचले नाहीत, सातबाऱ्यावरचा बोजा मात्र दोनदा वाचते. मग त्यानं विचारलं: 'मॉडिफाय, रिपेअर की रिमूव्ह?' बिघडलंय म्हणजे रिपेअर, नाही का? मी रिपेअर केलं. त्यानं नवं टाकलं, आणि इमानदारीनं जुनंही दुरुस्त करून ठेवलं.

तरी 'नॉट रेडी'.

शेवटी परभणीच्या एका पोराला फोन लावला, तो आमच्यासारख्या केंद्रांचीच कामं करतो. म्हणाला, "ताई, तुमच्याकडं दोन निरोपे बसलेत." आरडी सर्व्हिस कॉम्प्युटरमध्ये १११०० ते १११२० यातल्या एका पोर्टवर, म्हणजे नंबर घातलेल्या दारावर, कान देऊन बसते. वेबसाईट १११०० पासून एकेक दार वाजवत जाते. माझ्या पहिल्या दारात जुनी सर्व्हिस बसलेली, तीच 'नॉट रेडी' म्हणून उत्तर देत होती. नवी शेजारच्या दारात तयार होती, तिला कुणी विचारलंच नाही. (सासरी असं बघितलंय मी.) मग मशीनची वायर काढा, जुनं सगळं काढून टाका, रीस्टार्ट, नवं 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून टाका, आणि त्यानंतरच वायर लावा. आधी लावली की पुन्हा पहिल्यापासून. हा क्रम इन्स्टॉलरच्या एकाही खिडकीत लिहिलेला नाही. या फायली बनवणाऱ्याच्या टेबलासमोर कुणी गाडी पकडायची म्हणून बसलेलं नसतं, दुसरं काय.

सव्वाला मशीनचा लाल दिवा लागला. गुरुजींचं पहिल्या ठशात झालं. आजीचं होईना. जन्मभर कापूस वेचून बोटं घासलेली, दहाच्या दहा बोटं करून बघितली. मग राहिलं चेहऱ्यावरून, मोबाईलच्या अ‍ॅपनं. अ‍ॅप उघडलं, तर अपडेट मागायला लागलं. अपडेट लावलं, तर फोनमध्ये जागा नाही. नणंदेच्या डोहाळजेवणाचे तीन व्हिडिओ आणि दोनेकशे सुप्रभात उडवले, तेव्हा जागा झाली. आजीला दारात उजेडाला उभं केलं, डोळे मिचकवा म्हटलं. तिनं असे मिचकवले की गुरुजीसुद्धा हसले.

दोन वाजता दाखला गेला. कागद पाहिजे म्हणाली, म्हणून प्रिंट दिली, तर प्रिंटर विचारतो, नवं सॉफ्टवेअर आलंय, आता टाकू की नंतर? 'कधीच नाही' असं बटण त्यात नाही. मी नंतर म्हटलं.

आजीनं कागदाची घडी पदराच्या गाठीत बांधली. "पुढल्या साली पुन्हा यावं लागतं का वं?"

"हौ आजी."

"मंग तवर हे डबडं नीट करून ठिव."