किती टक्के?

हृदयाची अँजिओग्राफी झाली रे झाली की नातेवाईक दारातच गाठतात. "ताई, किती टक्के ब्लॉकेज?" मी टेक्निशियन. "सर सांगतील," म्हणून सटकते. पण खरं सांगू? त्या आकड्यावर माझा फारसा जीव नाही. धमनी म्हणजे नळाचा पाइप नव्हे. तिच्या भिंतीत स्नायू असतो आणि तो आवळतो, सैलावतो.

परवाचीच केस. कॅथेटरचं, म्हणजे आत सरकवलेल्या बारीक नळीचं टोक उजव्या धमनीच्या तोंडाशी टेकलं आणि स्क्रीनवर डायची (एक्स-रेत दिसणाऱ्या द्रवाची) काळी रेघ तिथेच निम्मी झाली. सरांनी कॅथेटरमधूनच 200 मायक्रोग्रॅम एनटीजी, म्हणजे धमनी सैल करणारं नायट्रोग्लिसरीन दिलं. थोडं थांबून पुन्हा डाय सोडला, तर तोंड मोकळं! खालची एक अरुंद जागा मात्र ढिम्म हलली नाही. तो खरा ब्लॉक. वरची जागा नुसती आकसली होती.

निरोगी धमनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं, त्याने स्नायू सैल पडतो. असिटिलकोलीन नावाचं औषध दिलं की हे अस्तर कामाला लागतं आणि धमनी रुंदावते. 1986 साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी तेच औषध रोगट धमन्यांत सोडलं, तर त्या उलट आवळल्या! अस्तर बिघडलेलं, त्यामुळे औषधाचा थेट स्नायूवरचा परिणाम तेवढा उरला. थंडीत आणि श्रमातही हाच उफराटा कारभार चालतो. जिना चढताना हृदयाला जास्त रक्त हवं, आणि नेमकी तेव्हाच रोगट धमनी अंग चोरते. म्हणून बसल्या जागी ठणठणीत असणारा माणूस थंडीतल्या सकाळी फिरायला निघाला की छाती धरतो.

एनटीजीला मात्र अस्तराची मिनतवारी करावी लागत नाही. त्यातूनच नायट्रिक ऑक्साइड सुटतं, म्हणून आजारी धमनीही त्याचं ऐकते. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी याच कुळातली. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर ती बसून घ्या; उभ्याने घेऊन चक्कर येऊन पडलेले पुष्कळ पाहिलेत. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही, तर दुसऱ्या गोळीची वाट न बघता थेट दवाखाना गाठा. आणि वियाग्रा घेतलेली असेल तर लाजू नका, आधी सांगा. दोन्ही एकत्र आल्यावर बीपी असं कोसळतं की आमची पळापळ होते. बायको शेजारी उभी असली की पुरुष हमखास "नाही" म्हणतात, म्हणून मी हा प्रश्न तिला बाहेर पाठवूनच विचारते.