येऊरचा चढ आणि टिटिकाकाचा बेडूक

पहिला दणकून पाऊस झाला की भाचीचा फोन ठरलेला. "मामा, येऊरला पिवळे बेडूक आलेत. येतोस?"

ठाण्यात उपवन तलावापाशी रिक्षा सोडून येऊरच्या डोंगराकडे चालत निघालो, ही माझी चूक. दुसऱ्याच वळणावर धाप लागली. "इथे ऑक्सिजन कमी आहे," मी म्हटलं. "येऊर म्हणजे काय लेह आहे?" ती हसली. प्राणिशास्त्रात एमएस्सी करतेय, त्यामुळे पुढचा तासभर मी पकडला गेलो.

एका पाड्याच्या अलीकडे खाचरात पाणी साचलं होतं. बांधावर बसलो. नर लिंबासारखे पिवळे, गळ्याशी दोन निळे फुगे, आणि आवाज असा की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. "गळा बघ कसा धडधडतोय. बेडकाला आपल्यासारखा बरगड्यांचा भाता नाही, श्वासपटलही नाही. तोंडातली हवा तो गळ्याने फुप्फुसात ढकलतो. बाकी काम कातडीचं." ओली कातडी, म्हणजे उघडं फुप्फुसच म्हणा.

मग टिटिकाका निघालं. पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरचं ते सरोवर ३,८१२ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश. (लेहला, ३,५०० मीटरवर, मी दोन दिवस पांघरुणातून बाहेर आलो नव्हतो, म्हणून हा आकडा मला मनापासून पटला.) तिथला बेडूक हवा घ्यायला वर येण्याच्या फंदात फारसा पडत नाही. फुप्फुसं लहान. त्याऐवजी कातडीच एवढी सैल, चुण्याचुण्यांची, की पाण्यातला ऑक्सिजन टिपायला भरपूर जागा मिळते. त्याचं इंग्रजी टोपणनाव इथे लिहिण्यासारखं नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी बारीक, पण संख्येने भरपूर. आणि मुळात खर्चच कमी: ऑक्सिजन इतका कमी लागणारे बेडूक विरळाच. तरीही पाण्यातला ऑक्सिजन घटला, तर तो तळाशी चक्क जोर काढतो! अंग वरखाली झालं की चुण्या हलतात आणि कातडीला ताजं पाणी लागतं.

"मग आपला बेडूक सुखी," मी म्हणालो.

"कसला सुखी? पाणी तापलं की ऑक्सिजन सुटून जातो. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरला ११ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसात. टिटिकाकाचं पाणी थंड आहे, म्हणून तिथेही सातच्या आसपास मावतो. दाब कमी असल्याने तो अंगात शिरायला मात्र जड जातो. आणि आपल्या डबक्यात पानं कुजली की साडेसातही उरत नाहीत."

म्हणून आपले बेडूक नाक वर काढून बसतात. तळाशी जोर काढण्यापेक्षा हे मला बरं वाटलं.

उतरताना पुन्हा सर आली. रेनकोटच्या आत माझ्या कातडीतून फक्त घाम येत होता.