महिला मंडळाचं कपाट

आमच्या सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) पदाधिकारी निवडणाऱ्या नॉमिनेटिंग कमिटीने महिला सेवाकार्यासाठी माझं नाव सुचवलं तेव्हा मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला निमित्त सापडलं नाही. पुढच्या शब्बाथी, म्हणजे शनिवारी, उपासना सुटल्यावर आधीच्या लीडर मावशींनी माझ्या हातात एक कापडी पिशवी ठेवली. तिच्यात जांभळ्या रिबिनीचं अर्धं रीळ, कागदी फुलं, वापरलेल्या दोन मेणबत्त्या आणि कपाटाची किल्ली. "बाकी सगळं माझ्या डोक्यात आहे, विचारत जा गं," म्हणाल्या आणि महिन्याभरात लेकीकडे राहायला निघून गेल्या. फोन केला की आधी नातवाचं, मग गुडघ्याचं, आणि शेवटी "ते तू तुझ्या मनाने कर."

कपाट उघडलं तर वरच्या कप्प्यात कॉन्फरन्सकडून, म्हणजे आमच्या मंडळ्यांच्या वरच्या कार्यालयाकडून, आलेली पाकिटं, कित्येक वर्षांची, न फोडलेली. मार्चच्या पहिल्या शब्बाथाचा प्रार्थना दिन, जूनच्या दुसऱ्या शब्बाथाचा महिला सेवाकार्य दिन, ऑगस्टच्या चौथ्या शब्बाथाचा अत्याचारविरोधी दिन. उपदेश तयार, वचनं काढलेली, सगळं आयतं. आणि आम्ही आपल्या दरवर्षी फुलं कुठल्या रंगाची लावायची यावर तासभर बसायचो.

पहिले काही महिने मीही तेच केलं. निवेदनांच्या वेळेत मला दोन मिनिटं मिळायची. "रविवारी दुपारी चार वाजता महिला मंडळाची सभा आहे, सर्व भगिनींनी उपस्थित राहावे." सर्व भगिनी म्हणजे आठ जणी यायच्या, त्यातल्या पाच कमिटीतल्याच. मी रुसले, घरी येऊन मंडळींच्या थंडपणावर व्याख्यान दिलं. नवरा शांतपणे म्हणाला, "सर्व भगिनी म्हणजे कोण? मला 'सर्व बंधूंनी खुर्च्या उचलाव्यात' म्हटलं तर मी तरी उठतो का?"

खरं होतं. मग मी निवेदन करणं बंद केलं (पास्टरांना वाटलं मी नाराज आहे) आणि एकेकीला गाठायला लागले. सभेला ये असं सांगायचंच नाही, काम सांगायचं. तुझ्या बँकेतल्या नोकरीचा उपयोग कर, तिघींना खातं उघडायला घेऊन जा. तू नर्स आहेस, शब्बाथ शाळेच्या (आमच्या बायबल-पाठाच्या वर्गाच्या) आधी दारात बसून रक्तदाब बघशील का? बँकवालीने चार आठवडे टाळलं आणि पाचव्या आठवड्यात तिघींना नाही, सात जणींना घेऊन गेली. तिला आजवर कोणी काही मागितलंच नव्हतं, डिश आणायची असेल तेव्हा सोडून.

या सगळ्यात मी जुनं वाचायला लागले, आणि एका बाईपाशी अडकले. सरेप्टा मायरेंडा आयरिश हेन्री. दारूबंदीच्या चळवळीतली नावाजलेली वक्ती. १८९६ साली हृदयविकाराने जर्जर होऊन अमेरिकेतल्या बॅटल क्रीकच्या सॅनिटेरियममध्ये आली, तिथे अ‍ॅडव्हेंटिस्ट झाली आणि बरी होऊन परत कामालाही लागली. १८९८ मध्ये तिने आपल्या मंडळीतल्या स्त्रियांसाठी सेवेची योजना मांडली. आया, घर, शेजारीण, जिथे पाळक पोहोचत नाही तिथे बाईने पोहोचायचं, आणि पोहोचण्याआधी तिला शिकवायचं. आमच्या पंथाच्या संस्थापकांपैकी एक, एलन व्हाइट, तेव्हा ऑस्ट्रेलियात होत्या, तिथून त्यांनी पत्रं लिहून तिला बळ दिलं. आणि १९०० च्या जानेवारीत हेन्रीबाई वारल्या.

त्यांच्यामागे काम विरत गेलं. जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे पंथाच्या जागतिक मुख्यालयात, महिला सेवाकार्याचं कार्यालय परत उभं राहिलं ते १९९० साली, रोझ ओटिस पहिल्या संचालिका, आणि १९९५ मध्ये त्याचा पूर्ण विभाग झाला. मधली नव्वद वर्षं! बाई इतकी समर्थ, पाठीशी साक्षात एलन व्हाइट, तरी एक बाई गेली आणि काम थांबलं. मला ती कापडी पिशवी आठवली. बाकी सगळं माझ्या डोक्यात आहे.

त्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली. कोणाला काय येतं, कोण कोणाकडे जाते, कुठल्या पाकिटातला कोणता भाग आपल्याकडे चालला आणि कोणता फसला, सगळं त्यात. वहीच्या पहिल्या पानावर विभागाने ठरवलेले सहा प्रश्न लिहिले: आरोग्य, अत्याचार, गरिबी, कामाचा बोजा, नेतृत्वाच्या प्रशिक्षणाचा अभाव, निरक्षरता. फुलांची सजावट यात नाही, हे मी मंडळीचा कारभार बघणाऱ्या बोर्डाच्या बैठकीत जरा जोरातच सांगितलं. इतकं जोरात सांगायची गरज नव्हती.

निरक्षरता वाचून मला वाटलं होतं, हे आपल्या मंडळीत नसणार. शब्बाथ शाळेला सगळ्यांच्या हातात पाठपुस्तिका असते. आमच्या वर्गात एक आजी येतात, नेहमी माझ्या शेजारी. पुस्तिका उघडून मांडीवर धरतात, पाठांतराचं वचन घडाघडा म्हणतात, प्रश्नांना उत्तरंही देतात. पुस्तिका दर तिमाहीला बदलते, तेरा आठवड्यांचे तेरा पाठ. एकदा माझी घरी राहिली म्हणून मी त्यांच्या पुस्तिकेत डोकावले. आम्ही नवव्या पाठावर होतो. त्यांच्या मांडीवर मागच्या तिमाहीची पुस्तिका होती, तिसरा पाठ, आणि कोपरा दुमडलेल्या त्या पानाची घडी इतकी जुनी की तिथून कागद फाटायला आला होता. मी मान वर केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हळूच पुस्तिका मिटली आणि वर बायबल ठेवलं.

मी काही बोलले नाही. दोन आठवड्यांनी त्यांच्या घरी गेले आणि सांगितलं की मला अक्षर मोठं असलेलं काही वाचून दाखवायला सोबत हवी आहे, माझा चष्मा बदललाय. तद्दन खोटं, प्रभू क्षमा करो. त्या हसल्या. "तुला दिसलं ना?" म्हणाल्या. नात त्यांना शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी वचन वाचून दाखवायची, त्या पाठ करायच्या. चाळीस वर्षं त्यांनी अशी काढली, आधी मुलगा वाचायचा, मग सून, आता नात. आम्ही दोघी दर बुधवारी बसतो. सध्या मार्कच्या शुभवर्तमानात आहोत, बोट ठेवून. "लागलीच" हा शब्द मार्क इतक्यांदा का लिहितो, यावर त्या वैतागतात.

अत्याचाराचा विषय मात्र अवघड गेला. 'एन्ड इट नाऊ' ही अत्याचारविरोधी मोहीम २००९ मध्ये अ‍ॅड्रा ही आमच्या पंथाची मदतसंस्था आणि महिला विभाग यांनी मिळून सुरू केली, त्यासाठी ऑगस्टचा चौथा शब्बाथ राखलेला आहे, हे सगळं मी बोर्डात मांडलं. मंडळीच्या वडीलजनांपैकी एक म्हणाले, "शब्बाथाच्या दिवशी लेकराबाळांसमोर असले विषय नकोत." मी विचारलं, मग कुठल्या दिवशी? सगळे अजेंड्याकडे बघायला लागले. पास्टरांनी शेवटी उपदेश केला, बरा केला, पण खरी गोष्ट घडली ती वेगळीकडे. बायकांच्या टॉयलेटच्या दाराला आतल्या बाजूने मी एक कागद चिकटवला. वर दोन ओळी, खाली हेल्पलाइनचा नंबर दहादा लिहून कात्रीने पट्ट्या पाडलेल्या, ओढली की सुटून येईल अशा. पहिल्या आठवड्यात दहाच्या दहा जागेवर. दुसऱ्या आठवड्यात दहा. चौथ्या आठवड्यात मोजल्या तर आठच उरलेल्या.

कोणी नेल्या हे मी शोधलं नाही. उपासनेत बसल्यावर मान वळवून रांगांकडे बघायचा मोह झाला, तो आवरला. कागद संपला की दुसरा लावते. वहीत त्याचं वेगळं पान आहे, त्यात फक्त तारखा.

पुरुषमंडळींना एक शंका हमखास येते: म्हणजे तुम्ही बायकांना पाळक करायला निघालात? २०१५ साली सॅन अँटोनिओच्या जागतिक अधिवेशनात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा द्यायची का, हा निर्णय पंथाच्या प्रादेशिक विभागांवर सोडण्याचा ठराव ९७७ विरुद्ध १,३८१ मतांनी पडला, तेव्हापासून 'महिला' हा शब्द उच्चारला की काहींचे खांदे ताठ होतात. मला त्या प्रश्नावर माझं मत आहे आणि ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की रक्तदाब बघायला, खातं उघडून द्यायला आणि मार्क वाचायला कोणाची दीक्षा लागत नाही. बायबलमधल्या यापोच्या टबीथेला लूक 'शिष्या' म्हणतो, आणि मूळ ग्रीकमध्ये हा स्त्रीलिंगी शब्द साऱ्या नव्या करारात एकट्या तिच्यासाठी आलाय. ती गेली तेव्हा विधवा रडत रडत पेत्राला तिने शिवलेले कपडे दाखवत होत्या. तिच्या कामाचं निवेदन तेवढंच.

या वर्षी मी स्वतःहून नाव मागे घेतलं. बँकवालीचं सुचवलं, ती "मला जमणार नाही" म्हणाली, मी वही पुढे केली. तिने ती तिथेच उभ्याने चाळली, मध्येच थांबून विचारलं, "या नुसत्या तारखा कसल्या?" मी सांगितलं. तिने पान परत एकदा पाहिलं आणि वही पर्समध्ये टाकली.

मी मोठ्या समाधानाने घरी आले. मी काही मावशींसारखं केलं नाही, सगळं लिहून दिलं, पानांना नंबरसुद्धा टाकले. रविवारी दुपारी चारला तिची पहिली सभा. पावणेचारला तिचा फोन आला, मागे बऱ्याच बायकांचा गलका. "ताई, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत?"

माझ्याच पर्समध्ये होती.